अर्धी भिंत

कुठल्याही टोळीत तिघांना जग जिंकायचं असतं आणि चौथ्याला दारात उभं राहायचं असतं. तो चौथा मिळाला नाही तर तिघांची जगज्जेती मोहीम पहिल्या खोलीतच आटोपते, हे डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरीही पात्रं ठरवायच्या दिवशी चौथा व्हायला कुणी पुढं येत नाही. मी येतो. स्वखुशीनं. त्या वेळी लोक माझ्याकडे थोड्या संशयानं आणि पुष्कळ कृतज्ञतेनं बघतात.

ज्यांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांना थोडक्यात सांगतो. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर होतो. गुहा, किल्ले, खानावळी, राक्षस, पाऊसपाणी, सगळं त्याच्या तोंडून येतं. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र आता काय करतंय ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे वीस पैलूंचा फासा सांगतो. २०१६ साली 'स्ट्रेंजर थिंग्ज' आली. तिच्या पहिल्याच भागात चार पोरं तळघरात बसून हा खेळ खेळताना दिसतात. तेव्हापासून 'तुम्ही तो ड्रॅगनवाला गेम खेळता ना?' असं विचारणारी माणसं पुण्यातही भेटू लागली. त्याआधी शनिवारी रात्री उशिरापर्यंत काय करता, असं नातेवाइकांनी विचारलं की आम्ही 'पत्ते' म्हणून मोकळे होत असू. पत्ते कुटणाऱ्या माणसाबद्दल समाजाची काही एक कल्पना असते. ढाल घेऊन बोळात उभ्या असलेल्या बुटक्याबद्दल नसते.

आमची डीएम सीए आहे. नियमपुस्तक ती ताळेबंद तपासावा तसं वाचते आणि तिचे राक्षसही हिशोबानं वागतात. जादूगार दिवसा दातांचा डॉक्टर आहे. चोर झालेली बँकेत नोकरीला आहे आणि यावरचे सगळे विनोद होऊन गेलेत. क्लेरिक, म्हणजे देवाचं नाव घेऊन जखमा भरणारी, एका शाळेत भूगोल शिकवते. पात्रं ठरली तेव्हा जादूगारानं तीन पानांचा पूर्वेतिहास लिहून आणला होता. त्यात जळलेलं ग्रंथालय होतं, दगाबाज गुरू होता आणि त्याच्या नावाचा उच्चार त्याचा त्यालाही दर वेळी वेगळा जमायचा. चोराच्या आयुष्यात एक भयंकर गुपित होतं. ते तिनं पहिल्याच दिवशी आम्हाला सगळ्यांना सांगून टाकलं. माझ्या कागदावर लिहिलं होतं : नाव धोंडू. वंश बुटका. पेशा फायटर. पूर्वेतिहासाच्या चौकटीत मी 'विशेष काही नाही' असं लिहिलं. डीएमनं चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "निदान आईवडील तरी दे." मी दिले. दोघंही हयात, तब्येत उत्तम.

धोंडूची मालमत्ता म्हणजे कड्यांचं चिलखत, एक ढाल आणि एक हातोडा. चिलखताचे सोळा, ढालीचे दोन, मिळून आर्मर क्लास अठरा. आर्मर क्लासला टेबलावर सगळे एसीच म्हणतात. आम्ही खेळतो जादूगाराच्या घरी. पहिल्याच लढाईत डीएमनं विचारलं, "धोंडूचा एसी किती?" मी म्हटलं, "अठरा." आतून काकूंचा आवाज आला, "अठरावर नका ठेवू रे, मागच्या महिन्याचं बिल बघितलंत का?" पुढं पुष्कळ महिन्यांनी धोंडूनं पंधराशे सोन्याची नाणी साठवून नखशिखांत पोलादी चिलखत घेतलं आणि आकडा विसावर गेला. तेव्हा काकू म्हणाल्या, "हां, हे ठीक आहे."

या चौथ्या माणसाची वंशावळ खेळाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं गाव आहे. तिथला गॅरी गायगॅक्स आणि शेजारच्या मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन हे दोघंही टेबलावर चिमुकल्या सैनिकांच्या लढाया लढवणारे. गायगॅक्सनं जेफ पेरेनबरोबर १९७१ साली 'चेनमेल' नावाची नियमावली काढली. तिच्यात पलटणी लढत. आर्नेसननं पलटण सोडून एकेकटा माणूस अंधाऱ्या तळघरात उतरवला. १९७४ साली दोघांचं मिळून डंजन्स अँड ड्रॅगन्स आलं. एक खोका, आत तीन पुस्तिका, आणि अशा १००० प्रती हातानं भरलेल्या. त्याआधी गायगॅक्सनं विम्याच्या धंद्यात जोखीम तपासायचं काम केलं होतं. ती नोकरी गेल्यावर घराच्या तळघरात बसून त्यानं लोकांचे बूट दुरुस्त केले. मला या दोन्ही गोष्टी त्याच्या खेळात दिसतात. कुणाच्या अंगावर किती जोखीम टाकायची याचा काटेकोर हिशोब एकीकडे, आणि सगळ्यांत आधी ज्याचे तळवे झिजणार तो बिचारा दुसरीकडे.

त्या पहिल्या पुस्तिकांत तीनच पेशे होते : फायटिंग मॅन, मॅजिक युजर आणि क्लेरिक. चोरालाही १९७५ च्या 'ग्रेहॉक' पुरवणीपर्यंत थांबावं लागलं. जादूगाराला चिलखत घालायची मनाई आणि हातात खंजिराखेरीज शस्त्र नाही, त्यामुळं पुढं कोण राहणार हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. फायटिंग मॅनला पायरीगणिक उपाधी मिळे. पहिल्याच पायरीवरची उपाधी होती 'व्हेटरन'. कालपरवा घरून निघालेला पोरगा, एका धक्क्यात आडवा होणारा, पण नाव मुरलेला गडी. आठव्या पायरीला तो 'सुपरहीरो' व्हायचा. तिथवर फार थोडे पोचत असणार. त्या काळी एसीही उलटा मोजत. अंगावर काही नाही तर ९ आणि पूर्ण चिलखत नि ढाल असेल तर २. आकडा जितका खाली तितका माणूस शाबूत. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तो सुलटा झाला. म्हणजे पाव शतक लोक ही उलटी वजाबाकी करत निमूट खेळले. चिलखत घालणाऱ्यांच्या सोशिकपणाचा याहून मोठा पुरावा मला तरी माहीत नाही.

आता धोंडू करतो काय, ते सांगतो. एक गोब्लिन, म्हणजे छोटा राक्षस, घ्या. हे सगळं २०१४ च्या पाचव्या आवृत्तीप्रमाणं चाललंय, कारण आमची डीएम नव्या पुस्तकाला अजून सरावलेली नाही. गोब्लिन फाशात चार मिळवतो आणि बेरीज एसीइतकी किंवा जास्त झाली की घाव बसतो. जादूगाराचा एसी बारा, म्हणजे त्याच्यावरचे शंभरातले पासष्ट घाव बसतात. धोंडूवर अठराला पस्तीस बसतात, विसाला पंचवीस. पहिल्या पायरीवर जादूगाराच्या अंगात जेमतेम आठ एचपी, म्हणजे जीव मोजायचे गुण, आणि गोब्लिनचा एक वार सरासरी पाच-साडेपाच घेऊन जातो. दोन वारांत दातांचा डॉक्टर जमिनीवर. धोंडूचे तेरा. हा सगळा फरक एवढाच आहे, आणि तो नुसत्या आकड्यांत बघितला तर अगदी रुक्ष आहे. पण बोळ पाच फूट रुंद असेल, पलीकडे सहा गोब्लिन असतील आणि अलीकडे मंत्राचं पान शोधणारा जादूगार असेल, तर याच फरकावर पुढची अख्खी मोहीम उभी असते.

नियमपुस्तकात आडोशाचं एक प्रकरण आहे. बाण मारणाऱ्याच्या आणि तुमच्या मध्ये काही आलं तर तुमचा एसी दोननं वाढतो. यात काय काय मोजायचं त्याची यादी दिलीय : बुटकी भिंत, मोठं फर्निचर, झाडाचं बारीक खोड. आणि त्याच यादीत, त्याच वाक्यात, कुणीही प्राणी, मग तो मित्र असो की शत्रू. म्हणजे धोंडू हा अधिकृतपणे बुटक्या भिंतीच्या आणि कपाटाच्या पंक्तीला बसलेला आहे. डीएमनं हे वाचून दाखवलं तेव्हा टेबलावर मोठा हशा झाला. मला मात्र फार बरं वाटलं. टोळीतल्या बाकी कुणाची नोंद पुस्तकात इतक्या नेमक्या शब्दांत नाही.

दारात मी उभा राहिलो की कुणीतरी 'पावनखिंड!' असं ओरडतंच. मराठी टेबलावर ते अटळ आहे. मला त्यानं अवघडल्यासारखं होतं. बाजीप्रभूंनी १६६० साली घोडखिंडीत जे केलं ते एकीकडे, आणि समोर प्लास्टिकचा ओगर राक्षस, बाजूला भेळेची बशी नि मेल्यावर नवं पात्र करायची सोय हे दुसरीकडे. मी तेवढ्यापुरता मान खाली घालतो आणि फासा टाकतो.

खरी अडचण दाराची नाही, मैदानाची आहे. संगणकावरच्या खेळांत माझ्यासारख्याला टँक म्हणतात आणि त्याच्या हाताशी एक बटण असतं. ते दाबलं की राक्षस चिडून त्याच्याच अंगावर येतो, मागच्यांकडे ढुंकूनही बघत नाही. टेबलावर असलं बटण नाही. टेबलावरचा राक्षस म्हणजे आमची सीए, आणि तिला अक्कल आहे. लोखंडात मढवलेला बुटका आणि झगा घातलेला दंतवैद्य यांतलं आधी कुणाला मारावं, हे गोब्लिनला शिकवावं लागत नाही. तो धोंडूला वळसा घालतो. त्यात बुटक्याची चाल एका फेरीत पंचवीस फूट आणि गोब्लिनची तीस. सगळ्यांत पुढं असायला हवं ते माणूस टोळीत सगळ्यांत सावकाश चालतं, ही या पेशातली एक न बोलता सोसायची गोष्ट आहे.

२००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनं यावर सरळ उपाय काढला होता. तिच्यात पेशांच्या भूमिकाच ठरवून दिल्या आणि फायटरला 'डिफेंडर' म्हटलं. फायटर ज्याच्यावर हात उचलेल त्या शत्रूवर खूण बसे. खूण असलेल्यानं फायटरला सोडून दुसऱ्या कुणावर हल्ला केला तर त्याचे फाशातले दोन कापले जात, वर फायटरचा एक टोलाही खावा लागे. पुष्कळ लोकांनी नाकं मुरडली. हा संगणकावरचा खेळ झाला, म्हणाले. माझं मत विचाराल तर ढालवाल्याचा इतका मान कुठल्याच आवृत्तीनं ठेवलेला नाही. पण ती आवृत्ती गेली आणि तिच्याबरोबर खूणही गेली.

आता माझ्याकडे उरलीय फेरीला एक प्रतिक्रिया. एकच. शेजारच्या चौकोनातल्या मित्रावर कुणी वार केला तर मी ढाल मध्ये घालू शकतो. मग शत्रूला दोन फासे टाकून कमीचा धरावा लागतो. किंवा माझ्या आवाक्यातून कुणी निसटू लागला तर त्याला जाता जाता एक हातोडा हाणू शकतो. यातलं एकच, आणि तेही एकदाच. दुसरा गोब्लिन माझ्या नाकासमोरून जातो तेव्हा धोंडू त्याच्याकडे नुसता बघतो. शिवाय गोब्लिनला अंगचीच एक कला असते. तो लढता लढता असा अलगद सटकतो की जाता जाताचा हातोडाही मारता येत नाही. चौथ्या पायरीला धोंडूनं 'सेंटिनल' नावाचं कसब घेतलं आणि हा अन्याय संपला. आता सटकण्याची कला चालत नाही, आणि टोला बसला की निसटणारा जागच्या जागी खिळतो, त्या खेपेला एक पाऊलही टाकू शकत नाही. ज्यानं मातीवर कबड्डी बघितलीय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. चढाई करून, गुण घेऊन, परतीच्या रेषेकडे झेपावणाऱ्याचा घोटा कोपरारक्षकानं धरावा आणि त्याचा हात रेषेपासून वीतभर अलीकडे पडावा, तसं हे आहे. पहिल्यांदा ते साधलं तेव्हा डीएमनं गोब्लिनची मिनी, म्हणजे चिमुकली बाहुली, उचलली होती, जादूगाराच्या पुढ्यात ठेवणार इतक्यात मी "थांब" म्हटलं आणि फासा टाकला. सतरा. तिनं मिनी हवेतच थोडा वेळ धरली, पुस्तकात बघितलं, आणि मग मुकाट्यानं माझ्या शेजारच्या चौकोनात परत ठेवली. त्या मुकाट्यानं ठेवण्यासाठी मी हा खेळ खेळतो, असं म्हटलं तरी चालेल.

कसब येण्यापूर्वी मी दुसरा मार्ग चोखाळून बघितला होता. शिव्या. चिडवायचा नियम नसला तरी चिडवायला बंदीही नाही. आमच्याकडे एल्फ इंग्रजीत बोलतात आणि गोब्लिन मराठीत, हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं. तेव्हा मी गोब्लिनच्या आजीच्या चारित्र्याबद्दल, काकू स्वयंपाकघरात आहेत याचं भान ठेवून, जमेल तेवढं बोललो. डीएम म्हणाली, फासा टाक, करिष्मा लावून. धोंडूचा करिष्मा आठ. फाशात पडले तीन. तिनं गंभीरपणे सांगितलं की गोब्लिनला तुझी कीव आली, तो जादूगाराकडे जातो.

तर शेवटी हे सगळं डीएमच्या चांगुलपणावर येऊन ठेपतं. तिचे सगळे राक्षस हुशार निघाले तर धोंडूला कुणी विचारणार नाही आणि मी कोपऱ्यात उभा राहून हवेत हातोडा फिरवत बसेन. सगळेच मूर्ख निघाले तर लढाईत राम नाही. आमच्या डीएमनं यावर एक धोरण आखलंय आणि ती ते इमानानं पाळते. जनावरं जवळच्याला मारतात. ओगरला जो आवाज करेल तो दिसतो. गोब्लिन दुबळ्याच्या मागं जातात. हॉबगोब्लिनांचा नाईक मात्र शिपायांना झगेवाल्याकडे बोट करून दाखवतो. हे एकदा कळलं की मला काम मिळतं. ओगर दिसला रे दिसला की मी ढालीवर हातोडा बडवतो, आणि टेबलावर चमच्यानं बशी.

लोखंडाच्या आतल्या माणसाबद्दलही सांगायला हवं, कारण तिथं चिलखत नाही. फायटर ताकदीच्या आणि दमाच्या परीक्षेत तरबेज, पण मनाच्या परीक्षेत त्याला फाशाच्या दयेवर राहावं लागतं. वीस एसीच्या माणसाला एक म्हातारी चेटकीण कानात दोन शब्द बोलून पुतळ्यासारखा उभा करते. तसा उभा असताना जवळून बसलेला प्रत्येक घाव दुप्पट फाशांचा. त्याहून वाईट म्हणजे वश केलं तर. जो आपल्या भरवशावर मागं उभा आहे त्याच्याच दिशेनं पोलाद वळतं. क्लेरिक तेव्हा ज्या नजरेनं माझ्याकडे बघते, ती नजर दुसऱ्या दिवशी नकाशात गोवा भरणं विसरलेल्या मुलावर पडत असणार.

आणि आग. जादूगार पाचव्या पायरीला पोचला की त्याला फायरबॉल येतो. वीस फूट त्रिज्या, आठ फासे. आगीला एसी वाचता येत नाही. शत्रू गोळा झालेले असतात धोंडूभोवती, कारण ते गोळा करणं हेच धोंडूचं काम. मग जादूगार नकाशावर बोट ठेवून चौकोन मोजू लागतो, थांबतो, आणि अगदी मायेनं विचारतो, "धोंडूचे एचपी किती आहेत रे?" हा प्रश्न या खेळात तब्येतीच्या चौकशीसाठी कुणी विचारत नाही.

पण आमच्या टेबलाची जी दंतकथा झालीय ती निराळीच आहे. तळमजल्यावरच्या एका कोठारात डीएमनं एक जनावर सोडलं. पिसांसारख्या दोन मिशा, शेपटीला पंख्याच्या पात्यासारखं काहीतरी. रस्ट मॉन्स्टर. हा प्राणी जुना, १९७५ च्या 'ग्रेहॉक'पासूनचा. गायगॅक्सनं हाँगकाँगच्या बनावटीची स्वस्त प्लास्टिकची खेळणी आणली होती, कसल्यातरी प्राण्यांची, आणि त्यांतल्या एकाकडे बघून हा बेतला. त्याला तीस फुटांवरून लोखंडाचा वास येतो. मिशी लागली की लोखंड गंजतं, एसी एकेकानं उतरतो आणि पुन्हा चढत नाही. तो माणूस खात नाही. त्याला फक्त पंधराशे नाणी खायची असतात.

मिशी लागली, एकोणीस. मी म्हटलं, चिलखत उतरवतो. डीएमनं पुस्तक उघडलं. जड चिलखत उतरवायला पाच मिनिटं लागतात. लढाईची एक फेरी सहा सेकंदांची. म्हणजे पन्नास फेऱ्या. ती म्हणाली, "सुरू कर, वेळ आहे माझ्याकडे." पुन्हा मिशी, अठरा. कित्येक महिन्यांची पुंजी डोळ्यांदेखत तांबडी होऊन गळत होती. मग मी जे केलं ते धोंडूच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी मागं सरलो. क्लेरिकही सरली, तिच्याही अंगावर कड्या होत्या. चोर मघाच अंधारात गेली होती. दारात उरला जादूगार. झगा, कापडी चपला, हातात लाकडी काठी. अंगावर लोखंडाचा कण नाही.

"मला कव्हर कोण देतंय?" त्यानं विचारलं.

"मीच. पण लांबून."

तीन फेऱ्या तो दारात उभा राहिला. एकदा चावून घेतलं, किंचाळला, पण हलला नाही. काठी दोनदा बसली. त्यानं विचारलं होतं की दर फेरीला नुसतंच उभं राहायचं असतं का, आणि मी म्हटलं, हो, बहुतेक वेळा. शेवटी चोरानं अंधारातून मूठभर लोखंडी खुंट्या कोठाराच्या टोकाला भिरकावल्या, जनावर तिकडे धावलं आणि आम्ही दार लावून घेतलं. त्या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. कुणीही नवा माणूस आला की जादूगार ती सांगतो, रंगवून, उभं राहून, हातात लाटणं घेऊन. आमच्या टोळीत दारात उभं राहण्याची जी एकमेव कथा सांगितली जाते ती त्याची आहे. धोंडूची नाही, आणि तसं असणं रास्तच आहे. गोब्लिन मागं पोचलाच नाही, बाण जादूगाराला लागलाच नाही, ओगरचा टोला वाया गेला, याची गोष्ट कशी सांगणार? ऐकणारा विचारतो, मग काय झालं? काही नाही झालं. तेच तर.

मला याचं दुःख नाही, उलट एक सुखच आहे, आणि ते बाकीच्यांना कळू नये म्हणून मी थोडा तक्रारीचा सूर लावून ठेवतो. माझी पाळी लवकर संपते. "मी हलत नाही. हातोडा मारतो. ढाल जादूगारासाठी राखून ठेवतो." झालं. मग मी मोकळा. जादूगार घामाघूम होऊन पानं उलटत असतो, चोर आपण नेमके कुठल्या सावलीत आहोत यावर डीएमशी वकिली करत असते, क्लेरिक कुणाला वाचवावं याच्या विवंचनेत ओठ चावत असते. मी भेळ खात सगळ्यांकडे बघत असतो. इतरांचं लक्ष आपापल्या कागदावर असतं. टेबलावर त्या रात्री काय काय घडलं हे सगळ्यांत जास्त कुणाला आठवतं, तर मला. डीएमसुद्धा मागच्या खेपेला कुठं थांबलो होतो ते मलाच विचारते.

तेव्हा कुणी तुम्हाला अशा टेबलावर बोलावलं आणि कोण होणार असं विचारलं, तर ढाल मागून घ्या. कुणी भांडायला येणार नाही. ती दहा सोन्याच्या नाण्यांना मिळते, वजन सहा पौंड, शिकायला एक संध्याकाळ पुरते. फक्त येताना खोडरबर स्वतःचं आणा. एचपीचा आकडा खोडून खोडून माझं संपत आलंय, आणि जादूगार आपलं कुणाला देत नाही.